बालन्यायाच्या तराजूत वर्णाचे वजन

एकाच शहरातील दोन मुले. वय सारखे आणि चूकही सारखीच, दुकानातून वस्तू उचलल्याची. एकाच्या आई-वडिलांना बोलावून, ताकीद देऊन त्याला सोडले जाते. दुसऱ्याची रवानगी कोठडीत होते. एखाद्या प्रकरणात हा योगायोग असू शकतो. मात्र हजारो प्रकरणांत सुटणारा मुलगा बहुधा श्वेतवर्णीय आणि अडकणारा कृष्णवर्णीय निघू लागला, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. अमेरिकेच्या बालन्याय व्यवस्थेपुढे गेली अनेक दशके हाच प्रश्न उभा आहे.

कायद्याची वाटचाल

जगातील पहिले स्वतंत्र बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागो येथे स्थापन झाले. मुलाला शिक्षा करण्यापेक्षा त्याला सुधारण्याची संधी द्यावी, हा त्यामागील विचार होता. त्यासाठी न्यायाधीश व परिवीक्षा अधिकाऱ्यांना निर्णयाचे व्यापक स्वातंत्र्य देण्यात आले. या स्वातंत्र्याचा गैरवापरही होऊ शकतो, हे कालांतराने स्पष्ट झाले आणि १९६७ मध्ये 'गॉल्ट' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा वकील मिळण्याचा हक्क मान्य केला.

१९७४ मध्ये संघराज्याचा बालन्याय व गुन्हेगारी प्रतिबंध कायदा अस्तित्वात आला. अल्पसंख्याक समाजातील मुले लोकसंख्येच्या तुलनेत अधिक प्रमाणात बंदिस्त आहेत काय, याकडे राज्यांनी लक्ष द्यावे, अशी तरतूद त्यात १९८८ मध्ये झाली. १९९२ मध्ये तिचे पालन केंद्रीय अनुदानाशी जोडण्यात आले. २००२ मध्ये केवळ बंदिवासच नव्हे, तर अटकेपासूनचा प्रत्येक टप्पा तपासणीच्या कक्षेत आला. २०१८ च्या सुधारणेने राज्यांना आकडेवारीचे विश्लेषण करून कृती आराखडा तयार करणे बंधनकारक केले.

तफावत मोजतात कशी?

यासाठी 'सापेक्ष दर निर्देशांक' वापरला जातो. समजा, एखाद्या काउंटीत दर हजार श्वेतवर्णीय मुलांमागे २० आणि दर हजार कृष्णवर्णीय मुलांमागे ५० मुलांना अटक होते. येथे निर्देशांक अडीच झाला. अटकेनंतर कोठडीत पाठविण्याच्या टप्प्यावर तो दीड असेल, तर दोन्ही टप्पे मिळून तफावत पावणेचार पटींवर जाते. प्रत्येक टप्प्यावरचा फरक लहान वाटला, तरी त्यांचा गुणाकार होत जातो. म्हणूनच अटक, ताकीद देऊन सुटका, कोठडी, खटला, परिवीक्षा, सुधारगृह आणि प्रौढांच्या न्यायालयात वर्ग होणे, असे सर्व टप्पे स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

मूळ कोठे आहे?

गरिबी, विस्कळीत शाळा आणि विशिष्ट वस्त्यांतील पोलिसांची सततची गस्त ही कारणे सर्वज्ञात आहेत. तथापि सर्व तफावत गुन्ह्यांच्या प्रमाणातील फरकाने स्पष्ट होत नाही. वॉशिंग्टन राज्यातील परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालांचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय मुलांच्या गुन्ह्याचे कारण त्यांच्या स्वभावात, तर श्वेतवर्णीय मुलांच्या गुन्ह्याचे कारण परिस्थितीत शोधण्याची प्रवृत्ती त्यात आढळली. स्वभावाला दोष दिला की मूल धोकादायक ठरते. परिस्थितीला दिला की ते सहानुभूतीस पात्र ठरते.

नव्वदच्या दशकात निर्दय बालगुन्हेगारांची लाट येणार, असे भाकीत केले गेले. जवळपास सर्व राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठविणे सुलभ करणारे कायदे केले. लाट आलीच नाही. उलट मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतील अटकेचे प्रमाण १९९४ नंतर घटत गेले. कायदे मात्र मागे राहिले.

काय लागू पडले?

अॅनी ई. केसी फाउंडेशनने १९९२ मध्ये कोठडीला पर्याय शोधण्याचा उपक्रम सुरू केला. ओरेगॉनमधील मल्टनोमा काउंटीने कोठडीचा निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता गुणपत्रिकेवर आणला. त्या गुणपत्रिकेतील शब्दही तपासण्यात आले. 'कुटुंबरचना चांगली आहे काय' या प्रश्नाऐवजी 'मुलाला न्यायालयात हजर करण्याची जबाबदारी घेणारी प्रौढ व्यक्ती आहे काय' असा निकष आला. त्यामुळे एकट्या आईचा किंवा आजीचा आधार असलेले मूल आपोआप कोठडीत जाणे थांबले.

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ काउंटीत स्पॅनिश जाणणारे कर्मचारी वाढविण्यात आले. पालकांशी संवादच होत नसल्याने लॅटिनो मुले कोठडीत अडकून पडत होती. जॉर्जियातील क्लेटन काउंटीत बालन्यायालयाचे न्यायाधीश स्टीव्हन टेस्के यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये शाळा, पोलीस व न्यायालय यांच्यात करार झाला. शाळेतील किरकोळ भांडणे प्रथम ताकीद आणि समुपदेशनाने मिटविण्याचे ठरले. त्यानंतर शाळांतून न्यायालयात येणाऱ्या प्रकरणांत मोठी घट झाली.

या सर्व ठिकाणी एक सूत्र समान दिसते. कोणाला वंशवादी ठरविण्यात वेळ न घालवता तफावत नेमक्या कोणत्या टप्प्यावर वाढते, हे आकड्यांतून शोधले गेले आणि तो टप्पा बदलला गेला.

अपुरे यश

२००० मध्ये अमेरिकेत एखाद्या दिवशी सुमारे १ लाख ९ हजार मुले सुधारगृहांत व तत्सम संस्थांत होती. २०२० मध्ये ही संख्या सुमारे २५ हजारांवर आली. ही घट लक्षणीय आहे. परंतु कृष्णवर्णीय मूल बंदिस्त असण्याचे प्रमाण श्वेतवर्णीय मुलाच्या तुलनेत २०१९ मध्येही चार पटींहून अधिक, तर मूलनिवासी मुलांचे तीन पटींहून अधिक होते. बंदिवास घटला की विषमता आपोआप घटते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. सौम्य पर्यायांचा लाभही आधी श्वेतवर्णीय मुलांनाच मिळाला, तर तफावत कायमच राहते.

या आकड्यांमागे आयुष्ये आहेत. शिकागो परिसरातील मुलांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण सारख्याच प्रकरणांत बंदिस्त झालेल्या मुलांचे शालेय शिक्षण अपूर्ण राहण्याची आणि पुढे प्रौढ वयात तुरुंगात जाण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे पहिल्या दिवशी दोन मुलांबाबत झालेला भिन्न निर्णय त्यांच्या पुढच्या आयुष्यालाही भिन्न वळण देतो. मुलाला दुसरी संधी द्यावी, या विचारातून बालन्यायालय जन्माला आले. ती संधी कातडीचा रंग पाहून मिळत असेल, तर १८९९ मधील तो उद्देश अद्याप अपूर्णच आहे, असे म्हणावे लागेल.