उन्हाळी सुटी आणि वाळवंटाचं पंचांग

शाळेला सुटी उन्हाळ्यात लागते म्हणून सहलही उन्हाळ्यातच निघते. अमेरिकेतही हेच. डिकीत तंबू, मागच्या सीटवर मुलं आणि समोर नैर्ऋत्येच्या वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं: ग्रँड कॅन्यन, झायन, आर्चेस, डेथ व्हॅली. मुलांकडे गेलेले आपले पुण्या-नाशकाचे आजी-आजोबाही हल्ली मे-जूनमध्ये त्या गाडीत असतात. पण वाळवंटाचं पंचांग शाळेच्या पंचांगाच्या अगदी उलटं चालतं.

डेथ व्हॅलीत शेकडो वर्षं राहणाऱ्या टिंबिशा शोशोनी लोकांना ते ठाऊक होतं. हिवाळ्यात त्यांचा मुक्काम दरीत, झऱ्यांच्या आसपास असे. मेस्किटच्या शेंगा गोळा झाल्या, ऊन तापू लागलं, की मंडळी पानामिंट डोंगरावर चढत. ‘मृत्यूची दरी’ हे नाव त्यांनी दिलेलं नाही. ते दिलं पाहुण्यांनी.

हे पाहुणे आले १८४९च्या डिसेंबरात. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, आणि जवळची वाट म्हणून काही बैलगाड्या नेहमीचा रस्ता सोडून या दरीत शिरल्या. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. पुढे डोंगर आडवा आला. तेव्हा विल्यम मॅन्ली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण मदत आणायला पायी निघाले, सुमारे चारशे किलोमीटर चालून वस्तीला पोहोचले आणि २६ दिवसांनी धान्य व एक एकाक्ष खेचर घेऊन परत आले. झऱ्याजवळ थांबून राहिलेली कुटुंबं वाचली. अर्थात तो हिवाळा होता. जुलै असता तर मॅन्लीला परत येऊन कोणी भेटलं असतं का, शंकाच आहे. याच दरीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. काही अभ्यासक त्यावर शंका घेतात, पण जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी आजही तोच उच्चांक आहे.

मग माणसं भर उन्हाळ्यात तिथे जाऊ लागली ती मोटारीमुळे. १९१६ साली अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मेदर यांनी उद्यानं मोटारवाल्यांना खुली करण्याचा धडाका लावला. गंमत म्हणजे मेदर यांचा पैसा टाकणखारातून, म्हणजे बोरॅक्समधून आलेला, आणि ज्या बोरॅक्सची त्यांनी जाहिरात गाजवली ते डेथ व्हॅलीचं. आपल्यावर स्वार्थाचा आरोप येईल म्हणून या दरीच्या बाबतीत ते हात आखडून राहिले. तिला संरक्षण मिळालं त्यांच्यानंतर, १९३३ मध्ये. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा तर १९९४ मध्ये. बोरॅक्स कंपनीने १९२७ साली तिथे हॉटेल उघडलं, तेही हिवाळी पाहुण्यांसाठी. पुढे कित्येक वर्षं ते उन्हाळ्यात चक्क बंद असे. धंदेवाल्यांना पंचांग कळत होतं!

त्या काळच्या मोटारींच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकलेली असे. पाणी झिरपायचं, वाऱ्याने सुकायचं आणि आतलं गार राहायचं. आपल्या माठाचंच तंत्र. हे पाणी माणसांना होतं, तसंच चढावर उकळणाऱ्या रेडिएटरलाही.

सगळ्यांची तयारी मात्र सारखी नव्हती. कृष्णवर्णीय कुटुंबाला पाण्याआधी शोधावं लागे ते आपल्याला आत घेणारं हॉटेल, पेट्रोलपंप, जेवणाची जागा. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून अशा ठिकाणांची पुस्तिका छापत. १९६४च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत रस्ता सर्वांचा नव्हता.

१९५६ पासून दहा वर्षं सरकारने उद्यानांत रस्ते, तंबूतळ, माहिती केंद्रं उभारली. त्याच सुमारास आर्चेसमध्ये हंगामी रखवालदार असलेल्या एडवर्ड ॲबी यांनी पुढे, १९६८ च्या पुस्तकात, या डांबरावर सडकून टीका केली: गाडीतून उतरा आणि चाला. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. गुडघे दुखणाऱ्या आजीने मग काय करायचं?

पण डांबर संपतं तिथे १८४९ साल अजून शिल्लक आहे. जुलै १९९६ मध्ये एक जर्मन कुटुंब, आईवडील आणि दोन मुलं, भाड्याच्या गाडीतून डेथ व्हॅलीत फिरत होतं. एका निर्जन घळीत त्यांची गाडी टायर बसलेल्या अवस्थेत सापडली ती ऑक्टोबरात. दोघा मोठ्यांचे अवशेष काही मैल दक्षिणेला मिळाले, २००९ साली. ते बहुधा मदत शोधत चालत निघाले असावेत. उन्हाळ्यात रखवालदार आजही बजावतात: गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबा.

सहल आखताना म्हणून अंतराआधी उंची बघावी. दर हजार फूट चढलं की सुमारे तीन अंशांनी हवा उतरते. डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्याही खाली आहे. त्याच उद्यानातला महॉगनी फ्लॅटचा तंबूतळ आठ हजार फुटांवर, म्हणजे शोशोनी लोक उन्हाळ्यात जात त्याच पानामिंट डोंगरात. माणशी रोज चार लिटर पाणी हे किमान, गाडीसाठीचं वेगळं. चढावर वातानुकूलन बंद करा, अशा पाट्या तिथे दिसतात. त्या वाचून उकाडा सोसावा. इंजिन तापलं, की पुढची सावली फार लांब असते.