विनाशुल्क महाअभ्यासक्रम आणि सॅन होजे येथील प्रयोग (२०१२-१३)

इ. स. २०११ च्या शरद सत्रात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रम आंतरजालावर विनाशुल्क खुला केला. सेबॅस्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांच्या या वर्गात सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. तत्पूर्वी २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी असाच प्रयोग केला होता व त्याच सुमारास ‘मूक’ हे आद्याक्षरी नाव रूढ झाले. (मराठीत या शब्दाला जो अर्थ आहे, तो टीकाकारांना सोयीचाच वाटावा!) मॅनिटोबा येथे भर विद्यार्थ्यांच्या परस्परसंवादावर होता, स्टॅनफर्डने तो ध्वनिचित्रफितींवर दिला आणि पुढे तोच नमुना स्थिरावला. २०१२ मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा व एडएक्स या तिन्ही संस्था उदयास आल्या.

एमआयटीच्या विद्युत्‌मंडलांवरील पहिल्या अभ्यासक्रमास १,५४,७६३ जणांनी नोंदणी केली. प्रमाणपत्र मिळविले ७,१५७ जणांनी. हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. परंतु नाव नोंदविण्यास काहीच खर्च नसल्याने केवळ टक्केवारीवरून निष्कर्ष काढणे उचित नव्हे.

खरी कसोटी लागली ती कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात. २०१२ च्या शरद सत्रात तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एमआयटीची हीच व्याख्याने घरी पाहिली व वर्गात अध्यापकांसमवेत उदाहरणे सोडविली. उत्तीर्णांचे प्रमाण, जे पूर्वी ६० टक्क्यांच्या आत असे, ते ९० टक्क्यांवर गेले. जानेवारी २०१३ मध्ये त्याच विद्यापीठाने युडॅसिटीच्या सहकार्याने गणित व संख्याशास्त्राचे तीन अभ्यासक्रम संपूर्णतः आंतरजालावर, १५० डॉलर शुल्कात सुरू केले. निकाल नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खालावले आणि जुलैमध्ये उपक्रम स्थगित झाला. दोन्ही गटांची सरळ तुलना करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या गटात पूर्वी अनुत्तीर्ण झालेले व शालेय विद्यार्थीही होते. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले. मात्र त्या सत्रातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते. ज्यांना आधाराची गरज सर्वाधिक, त्यांनाच ही पद्धती सर्वांत कमी उपयोगी पडली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्याच वर्षी तेथील तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडल यांचा न्यायविषयक अभ्यासक्रम स्वीकारण्यास नकार दिला व सँडल यांनाच अनावृत पत्र लिहिले. संपन्न विद्यापीठांत प्रत्यक्ष अध्यापक आणि इतरत्र केवळ चित्रफिती, अशी विभागणी होईल, ही त्यांची भीती होती. आपला अभ्यासक्रम अन्य अध्यापकांचे स्थान डळमळीत करण्यासाठी वापरला जाऊ नये, असे सँडल यांनीही उत्तरादाखल म्हटले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांना एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्याची मुभा दिली, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी महाविद्यालयाने समन्वयक नेमावा, अशी तरतूद २०१६ च्या विनियमांतच आहे. सॅन होजेच्या अभियांत्रिकी वर्गात अध्यापकांनी जे काम केले, त्याला आपल्याकडे जागा आहे ती या एका तरतुदीत.