बैलाची टाच कुठे असते?

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते, आणि तिच्यातला बैलबाजार शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. दात बघायचे, पाय उचलून पाहायचा, मग सौदा. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा नवख्याला गुडघाच वाटतो. ती खरं तर टाच! गुडघा वर, पोटालगत दडलेला; बैल चालतो बोटांच्या टोकांवर.

ही गल्लत दूर करायला हाडं शेजारी मांडावी लागली. 1555 मध्ये फ्रान्सच्या पिएर बेलाँने माणूस आणि पक्ष्याचे सांगाडे समोरासमोर छापून जुळत्या हाडांना सारखीच अक्षरं दिली. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्जने 1795 मध्ये माणूस, वाघ आणि कोंबडी यांची तुलना हाती घेतली. माणसाला त्याने ओणवंही काढलं, म्हणजे वाघाशी ताडून बघता यावं. 1806 मध्ये तो गेला, काम अपुरंच राहिलं.

उलट वारली चित्रात माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. हाडांचा हिशेबच नाही, तरी नाचणारा कमरेत नेमका वाकतो.

आणि नुसत्या सांगाड्यावरून देशी बैल काढणाऱ्याची फसगत ठरलेली. वशिंडात असतो स्नायू आणि चरबी. हाड नसतंच.