वाहनतळांचे उद्यानांत रूपांतर

वाहने उभी करण्यासाठी वापरली जाणारी मोकळी मैदाने, रस्त्याकडेच्या पट्ट्या आणि उड्डाणपुलांखालील जागा बाग, बैठकीची जागा किंवा क्रीडास्थान म्हणून परिसरातील लोकांसाठी खुल्या करणे ही नगररचनेतील एक पद्धत आहे. एक मोटार उभी करण्यास साधारण १२.५ चौरस मीटर (२.५ × ५ मीटर) जागा लागते, वळण्याची व ये-जा करण्याची वाट धरल्यास ती जवळपास दुप्पट होते. ही जमीन सार्वजनिक असेल तर तिच्यावर मोटार नसलेल्यांचाही तितकाच हक्क असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ सुशोभीकरणाचा न राहता जागेच्या वाटपाचा ठरतो.

पार्किंग डे

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००५ साली रीबार या कलासमूहाने मीटरमध्ये नाणी टाकून एका मोटारीची जागा दोन तासांसाठी घेतली आणि तेथे हिरवळ, बाक व एक झाड मांडले. यातून ‘पार्किंग डे’ हा वार्षिक उपक्रम सुरू झाला. तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी अनेक देशांत पाळला जातो.

माटुंग्याचे उदाहरण

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईतील माटुंगा येथील नानालाल डी. मेहता उद्यान हे होय. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दादर-माटुंगा परिसराची आखणी केली होती. ‘पाच उद्याने’ हे त्या आखणीचेच अंग. अशा भागातून जाणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर उड्डाणपूल झाल्यावर त्याखालच्या जागेत वाहने उभी राहू लागली व जुगारासारखे प्रकारही होऊ लागले. रहिवाशांनी प्रथम स्वखर्चाने पहारेकरी नेमले आणि तेथे उद्यान करण्याची मागणी महानगरपालिकेकडे लावून धरली. उद्यान २०१६ मध्ये खुले झाले. त्यातील सुमारे ६०० मीटर लांबीचा पादचारी मार्ग नर्मदा नदीच्या प्रवाहाच्या आकारात आखलेला आहे. हे उद्यान रस्त्याच्या दोन मार्गिकांच्या मधोमध असल्याने तेथे पोहोचण्यासाठी वाहतूक ओलांडावी लागते, ही त्याची उणीव मानावी लागेल.

अडचणी

पुलाखाली पाऊस पोहोचत नाही व ऊनही तिरपेच येते. त्यामुळे तेथे सावलीत तग धरणारी झाडेच लावावी लागतात आणि पावसाळ्यातही त्यांना पाणी घालावे लागते. उघड्या वाहनतळावर अडचण वेगळी असते. डांबर किंवा काँक्रीट काढल्यावरही वाहनांच्या भाराने दबलेली जमीन घट्टच राहते, पाणी मुरत नाही आणि तेल सांडलेली माती बदलावी लागते. केवळ कुंड्या मांडून ‘बाग’ म्हणवणाऱ्या जागा एखाद्या उन्हाळ्यातच ओस पडतात.

हटवलेली वाहने शेजारच्या गल्ल्यांत उभी राहिल्यास विरोध होतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेत पदपथ रुंद करून तेथे बाके व मुलांसाठी खेळणी बसवण्यात आली. मात्र रस्त्यावरील वाहनांकडून शुल्क आकारणाऱ्या धोरणाला पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला आणि ते प्रथम निवडक रस्त्यांपुरतेच मर्यादित ठेवण्यात आले.