गागोद्याचा विनायक, नात्याचा चिंतामण आणि आमचं एफ.वाय.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ ला विनायक नरहरी भावे जन्मले. चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दोघेही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे. मी पेणची, मानसशास्त्र शिकवते. स्वभाव आणि शिक्षण यांचं नातं एफ.वाय.च्या वर्गाला सांगताना ही दोन मुलं मला पुरतात.

देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, केंब्रिजला गेले, आयसीएसलाही पहिले. रोह्याच्या कॉलेजला आज त्यांचं नाव आहे. विनायकही हुशार, गणितात रमणारा. पण बडोद्याच्या कॉलेजात त्याचा जीव लागेना. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. पुढे तो विनोबा झाला म्हणून आपण हे कौतुकाने सांगतो. त्या रात्री घरच्यांचं काय झालं असेल, हे मला दरवर्षी नव्याने जाणवतं, कारण मधेच कॉलेज सोडणारी मुलं मी पाहते आणि त्यातली बहुतेक कुठल्याही काशीला जात नाहीत.

आमच्या आजोबांच्या पिढीला कॉलेज म्हणजे घर सोडणं. धरमतरहून बोटीने मुंबई गाठायची, नात्यातल्या कुणाच्या तरी चाळीतल्या खोलीत वळकटी टाकायची. अकरावीची मॅट्रिक झालेलं सोळा वर्षांचं पोर! ते रडलं की ‘घरची आठवण येते’ म्हणत आणि तिथेच विषय संपे. १९७५ ला दहावीची एसएससी आली, पुढे बारावी आली आणि पदवीचं पहिलं वर्ष अठराव्या वर्षावर गेलं. तोवर कॉलेजं पेण-रोह्यात निघू लागली होती. मुली शिकल्या त्या यामुळे, हे मी ठासून सांगते.

पण घर सुटलं नाही म्हणून घोर सुटला, असं झालं नाही. आमचं पहिलं सत्र गणपतीच्या कारखान्यांच्या हंगामातच येतं. हमरापूर-जोह्याची मुलं रात्री उशिरापर्यंत रंगकाम करून सकाळच्या तासाला बसतात. वाडीवरून आलेल्या मुलीला शहरी पोशाखाचीही धास्ती वाटते. रोह्याकडच्या मुलाच्या घरी धाटावच्या कंपनीतली नोकरी आधीच ठरलेली असते.

यातलं कोण खचेल? मानसशास्त्र व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे गुण मानतं. भावनिक अस्थिरता जास्त असलेल्यांना चिंता आणि नैराश्य लवकर गाठतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नेटकेपणा, चिकाटी असलेली मुलं सहसा तग धरतात. मात्र हा कल झाला, भविष्य नव्हे. अबोल मुलगा आजारी असतोच असं नाही. हसरा, वर्गात सगळ्यांना हसवणारा कित्येकदा रात्र रात्र जागा असतो, आणि घरचे म्हणतात, ‘त्याला काय झालंय, मजेत आहे की!’

प्रवेश अर्जात जात, गुण, उत्पन्न विचारतात. झोप लागते का, हे विचारणारा रकाना मी कधी पाहिला नाही. म्हणून जुलैत मी ते तोंडी विचारते, एकेकाला, व्हरांड्यात. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो मी फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही.