खिळ्यावरचे चेहरे

फेब्रुवारी १९३२. नागपूरहून निघालेल्या गाडीतून तुम्ही हावड्याला उतरता. सदऱ्याच्या शिवणीत कोळशाची कणी गेली आहे, डोक्यावर काळी टोपी आहे. टोपी राहू द्या. बंगाली बाबू बोडक्यानेच हिंडतात, त्यामुळे तुम्ही परमुलखातले हे लांबूनच कळेल, आणि सध्या ते सोयीचं आहे. या महिन्याच्या ६ तारखेला कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या विशीतल्या मुलीने गव्हर्नर स्टॅनली जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. लाटसाहेब वाचले, पण तेव्हापासून शहरातला प्रत्येक तरुण बंगाली चेहरा पोलिसांना संशयित वाटतो. टोपीवाल्याकडे ते एकदा बघतील आणि सोडून देतील.

हावड्याचा पोलादी पूल शोधू नका. तो उभा राहायला अजून अकरा वर्षं आहेत. आत्ता हुगळीवर तरंगता पूल आहे, होड्यांसारख्या लोखंडी पेट्यांवर टाकलेला. भरतीला तो फुगतो, ओहोटीला खचतो, आणि ओहोटीच्या वेळी तागाच्या गाठी लादलेल्या बैलगाड्या त्याच्या टोकाचा चढ चढताना हटकून अडतात. पलीकडे गेल्यावर ट्राम पकडा आणि चौरंगीला उतरा. डाव्या-उजव्या हाताचा गोंधळ नको: एका बाजूला मैदानाचं मोकळं गवत, दुसऱ्या बाजूला इंडियन म्युझियमची लांबच लांब पांढरी इमारत. इथले लोक तिला जादूघर म्हणतात. तिथे ममी पाहायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. तुम्हाला मात्र शेजारच्या दारातून आत जायचंय, सरकारी कलाशाळेत.

शाळेचे प्राचार्य मुकुल डे. १९२८ साली ते या खुर्चीवर बसले. कायमस्वरूपी म्हणून बसलेला हा पहिलाच भारतीय माणूस. त्यांनी शाळेत रवींद्रनाथांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलंय. चित्रं आहेत, रेखाटनं आहेत, थोडी मातीची भांडी आणि चामड्यावरचं कामही आहे. पण तुम्ही आत शिरता आणि पहिल्यांदा जाणवतात ते चेहरे. लांबुळके, अंडाकृती. नाक कपाळातून सरळ खाली उतरलेलं, तोंड बारीक आणि मिटलेलं, पापण्या जड. तपकिरी आणि काळ्या शाईचे थर एकमेकांवर इतके चढवलेत की कागद काही ठिकाणी चामड्यासारखा दिसतो. हे चेहरे ओळखीचे नाहीत, पण कुणाचेच नाहीत असंही म्हणता येत नाही. रंगवण्याऐवजी कोरून काढावेत तसे ते वाटतात. गीतांजलीवाल्या माणसाकडून कमळं, पौर्णिमा, सावळी मुलगी अशी काहीशी अपेक्षा घेऊन आलेला प्रेक्षक इथे जरा गडबडतो, आणि गडबडल्यावर माणसं करतात तेच करतो: हातातली छापील यादी वाचायला लागतो. यादी फारशी मदत करत नाही, कारण कवीला आपल्या चित्रांना नावं द्यायचं वावडं आहे.

कवी सत्तरीचे आहेत. कुंचला नीट हातात घेतला तो साठी उलटून गेल्यावर. १९२४ साली अर्जेंटिनात ‘पूरबी’च्या हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पक्षी, श्वापदं निघू लागली होती. यजमानीण व्हिक्टोरिया ओकाम्पो हिने ती पाहिली. सहा वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन धावपळ करून जमवून आणलं तेही तिनेच.

तेव्हा आता दोन वर्षं मागे आणि बरंच पश्चिमेला चला. मे १९३०, पॅरिस, पिगाल थिएटरची गॅलरी. असेच चेहरे इथल्या भिंतींवर आहेत. आणखी थोडं मागे सरका, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. गॅलरी तीच, पण आता तिथे आफ्रिका आणि ओशनियातलं कोरीवकाम मांडलंय. कवी ट्रिस्टान झारा, चित्रांचा व्यापारी पिएर लोब आणि आफ्रिकी कलावस्तूंचा व्यापारी चार्ल्स रातों या तिघांनी जमवलेलं. फ्रान्सच्या ताब्यातल्या आयव्हरी कोस्टहून आलेले मुखवटे त्यात आहेत. पॅरिसच्या चित्रकारांना हे नवीन नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या स्टुडिओत एखादा तरी टांगलेला असतो. मोदिल्यानीच्या लांब मानेच्या बायकांची नाकं कुठून आली, हे आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांचा मुखवटा पाहिल्यावर सांगावं लागत नाही.

रवींद्रनाथांनी हे प्रदर्शन पाहिलं आणि मग तसे चेहरे काढले, असं म्हणायचा मोह इथे होईल. आवरा. पॅरिसला लागलेले बहुतेक चेहरे त्यांनी आधीच काढलेले होते. खरी गंमत वेगळी आहे. दोन महिन्यांच्या अंतराने त्याच दालनात दोन्ही गोष्टी लागल्या आणि पॅरिसच्या डोळ्याने दोन्हीकडे एकाच नजरेने पाहिलं: भिंत, खिळा, खिळ्यावर चेहरा. कलकत्त्याला ही नजर पॅरिसच्या शिक्क्यासह मिळाली. १९२२ च्या डिसेंबरात इथल्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने क्ले आणि कांदिन्स्की यांची चित्रं थेट वायमारहून आणून लावली होती, त्यामुळे शहराला तिची थोडीफार सवयही होती.

असा बाउले मुखवटा घरी असताना कसा होता, हे बघायचं तर तिसरा थांबा घ्यावा लागेल. १९१३ च्या सुमाराचं आयव्हरी कोस्ट, बाउले मुलखातलं कामी गाव. फ्रेंच फौजांनी हा भाग नुकताच जाळून-मोडून काढलाय. ओविए किमू हा कारागीर मोया यान्सो नावाच्या तरुणीचा चेहरा लाकडात उतरवतोय. गाल तासून, घासून, तेलाने चकचकीत. कपाळावरची केसांची रेघ न् रेघ वेगळी. गालावरचे गोंदणासारखे व्रण बोटाला लागतात. पापण्या खाली झुकलेल्या, कारण चारचौघांत चांगल्या घरच्या माणसाची नजर अशीच असावी लागते.

तयार झालेला मुखवटा कुणाच्याही भिंतीवर जात नाही. तो फडक्यात गुंडाळून नजरेआड ठेवला जातो. म्ब्लो नाचाच्या दिवशी आधी जनावरांची सोंगं येतात, मग माणसांची, आणि अगदी शेवटी, गाव पुरतं रंगात आल्यावर, हा चेहरा. घालणारा पुरुष असतो आणि त्याच्या शेजारी स्वतः मोया यान्सो नाचते. लाकडाची मोया आणि हाडामांसाची मोया, दोघी एकाच ठेक्यावर. म्हातारी होईपर्यंत ती आपल्या त्या कायम तरुण राहिलेल्या चेहऱ्यासोबत गावासमोर येत राहिली. सुझान व्होगेल या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला त्या मुखवट्यासह पाहिलं, म्हणून ही नावं आपल्याला माहीत आहेत. पॅरिसला पोचलेल्या बाकी मुखवट्यांची शेजारीण कोण होती, ते कुणी लिहूनच घेतलं नाही.

याच बाउलेंच्यात बोनु आमुइन म्हणून दुसरे मुखवटे आहेत, जनावरांच्या तोंडांचे, गावाबाहेर रानात ठेवलेले. ते निघाले की बायकांनी घरात शिरून दार लावायचं. बघितलं तर जिवावर बेतेल, अशी समजूत. त्यातलाच एखादा संग्रहालयात काचेच्या पेटीत, खाली दिवा लावून ठेवलेला असतो आणि आपण तिकीट काढून त्याच्याकडे टक लावून बघतो. असो.

आता परत कलकत्त्याला या, पण चौरंगीला थांबू नका. याच १९३२ सालात गुरुसदय दत्त नावाचे एक आयसीएस अधिकारी आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतून बदल्या होत असताना इतर साहेब वाघ मारत तेव्हा हे चित्रांचे पट, कांथा गोधड्या, संदेश मिठाईचे मातीचे साचे, लाकडी बाहुल्या गोळा करत. त्यांनी तो खजिना याच वर्षी कलकत्त्यात मांडला, आणि त्यांच्या माघारी त्याचं कलकत्त्याजवळ जोक्याला संग्रहालय झालं. दत्तांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती: वस्तू गोळा करायची आणि नाचही गोळा करायचा. त्यांनी स्वतः लेझीमवाल्या मास्तरासारखी पोरं नाचवली. शहरी भद्रलोकांना ते अंमळ हास्यास्पद वाटायचं. मला त्यांची ती कवायत फारशी आवडत नाही, पण मुखवट्याच्या बाबतीत त्यांचा हिशेब पॅरिसपेक्षा बरोबर होता.

म्हणून सियालदहला जा आणि रात्रीची दार्जिलिंग मेल धरा. दिवस थोडे पुढे ढकलून घ्या, वैशाख लागू द्या. मध्यरात्री गाडी हार्डिंग पुलावरून पद्मा ओलांडते आणि डब्यातले जागे असलेले लोक खिडकीतून नदीत पैसे टाकतात. पहाटे पार्वतीपूरला उतरून लहान रुळांची गाडी घ्या, पश्चिमेकडे, दिनाजपूर, राधिकापूर, कालियागंज. पुढे बैलगाडी. १९४७ नंतर हा प्रवास सरहद्द ओलांडल्याशिवाय करता येणार नाही. पार्वतीपूर आणि दिनाजपूर शहर पलीकडे जाईल, जिल्ह्याचा काही भाग अलीकडे राहील.

कुशमंडीच्या परिसरातलं राजबंशी लोकांचं एखादं गाव. झाडाखालच्या ठाणासमोर ढाक आणि काशाची थाळी वाजतेय. गाणं नाही, संवाद नाही. पहिल्यांदा बुडा-बुडी येतात, म्हातारा आणि म्हातारी, कमरेत वाकलेले. मुखवट्यावरच्या सुरकुत्या पटाशीच्या एकेका फटक्याने पाडलेल्या. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. मग वाघ येतो, हनुमान येतो, नरसिंह येतो, आणि चामुंडा येते ती जीभ बाहेर काढून. लाकूड बहुधा गामार, म्हणजे आपली शिवण. हलकं, तरी तासभर नाचल्यावर मानेला कळतं. कडेला फडकं गुंडाळून ते डोक्याला आवळतात. डोळ्यांच्या फटीतून दिसतं ते हातभर, त्यामुळे नाचणारा गोल गोल फिरतो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं पाय आखडून घेतात. हे मुखवटे कुणीतरी नवसाने देवीला दिलेले असतात. ढाकाचा ठेका चढतो, आणि चामुंडेच्या आतल्या माणसाच्या अंगात येतं. दोघं-तिघं त्याला धरून ठेवतात. मुखवटा उतरवल्यावर आतून घामाने निथळणारा साधा शेतकरी निघतो आणि पाणी मागतो.

तुम्ही जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिला असेल तर हे सगळं तुम्हाला नवखं वाटणार नाही. तिथेही रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग येतं, कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं ते ठरलेलं असतं, आणि गणपतीचं सोंड असलेलं तोंड काढून ठेवल्यावर त्याच माणसाला लोक एकेरी हाक मारतात. तिथले मुखवटे पूर्वी लाकडी असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे झालेत. लगदा हलका पडतो, आणि नाचणाऱ्याच्या मानेचा विचार केला तर तक्रार करायला जागा नाही.

आता शेवटची उडी, आजच्या कोलकात्यात. हिवाळ्यातला हस्तकला मेळा. कुशमंडीच्या लाकडी मुखवट्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे पाटीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलंय. हातभर चामुंडा आहेत, वीतभर आहेत, बांबूच्या बुंध्यात कोरलेल्या लांब दाढीच्या म्हाताऱ्यांची रांग आहे. सगळे खिळ्यांवर. गिऱ्हाइकं भरपूर, फ्लॅटच्या दिवाणखान्याची भिंत मोजून आलेली. यात वाईट काही नाही. या विक्रीवर कारागिरांची घरं चालतात, आणि नवसाचे मुखवटे वर्षाला कितीसे लागणार?

तुम्हाला घ्यायचा असेल तर एक करा. मुखवटा खिळ्यावरून काढा आणि पालथा करा. पाठ सपाट असेल, डोळे नुसते रंगवलेले असतील, तर तो भिंतीसाठीच जन्मलाय. किंमत थोडी घासाघीस करून द्या आणि घेऊन जा. आतून वाटीसारखा पोखरलेला असेल, डोळ्यांना आरपार फटी असतील, कडेला दोरी ओवायला भोकं असतील, तर एकदा तोंडाला लावून बघा. लाकडाचा वास येईल, समोरचा मेळा दोन चिरांपुरता उरेल, आणि विकणारा हसून बाजूला सरकेल, कारण त्याला अंदाज आहे की तुम्ही आता फिरणार आणि शेजारचा गाळा पाडणार.

आतला माणूसही बघायचा असेल तर कोलकाता स्टेशनहून राधिकापूर एक्सप्रेस आहे, रात्रीची. चैत्र-वैशाखात जा. पाऊस पडून भाताची कामं सुरू झाली की नाचायला कुणाला सवड नसते.