तेच ते दळण

आजचा भाग 'तेच ते' या विषयावरच आहे. त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा आली तर चालवून घ्या.

एकच गोष्ट सारखी सांगणाऱ्याला इंग्रजीत 'ब्रोकन रेकॉर्ड' म्हणतात. ग्रामोफोनच्या तबकडीला चरा पडला की सुई फिरून त्याच खाचेत येते आणि गाण्याचा तोच तुकडा वाजत राहतो. तबकड्या गेल्या, शब्द राहिला. आपलं 'तीच टेप लावली' हेही तसंच.

'घडोघडी' याहून कितीतरी जुना. घडी म्हणजे 24 मिनिटं, दिवसरात्र मिळून 60 घड्या. बुडाला बारीक छिद्र असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घडी झाली. रिकामं करायचं, परत सोडायचं. म्हणजे ज्या यंत्रानं काळ मोजला, त्यालाच तेच ते करावं लागत होतं.

आता आमच्याकडचा शब्द. सिंदखेडराजा तालुक्यातल्या आमच्या दुसरबीडात कुणी जुनंच पुराण लावलं की ऐकू येतं, "काय बापा, तेच तेच दळण लावलं!" इंग्रजीतही रोजच्या कंटाळवाण्या कामाला 'डेली ग्राइंड' म्हणतात. दोन्ही भाषांनी दळण्याला कंटाळ्याच्या खात्यात टाकलंय.

मला हे पटत नाही. पहाटे उठून जातं ओढायच्या त्या बाया. फेरा तोच, घास तोच, पण तोंडी ओवी मात्र नवी. माहेर, भाऊ, सीता, पंढरपूर, पुढं बाबासाहेबसुद्धा त्यात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्यांना लिहायला कुणी शिकवलं नाही, त्या बायांनी आपलं म्हणणं त्या घरघरीत मांडून ठेवलं होतं.

पुढं पिठाची गिरणी आली. हाताचे घट्टे गेले, ते चांगलंच झालं. पण ओवीची जागाही गेली आणि भाषेत उरला फक्त टोमणा. जातं ज्यांनी कधी ओढलं नाही, त्यांनाच त्यात नुसता तोच तो फेरा दिसला असणार.

घरात आजी असेल तर एक ओवी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.